तेविसावी जागा

वय झालेल्या आणि गुडघा गेलेल्या खेळाडूला संघात घ्यावं की न घ्यावं, या प्रश्नावर मत नसलेला माणूस मला अजून भेटायचा आहे. ऑफसाइड म्हणजे काय, हे समजावून देण्यासाठी ज्यांच्यापुढे कप, बशा आणि साखरेचा डबा मांडून मी अखेर हात टेकले, त्या मंडळींचंही या बाबतीत मत अगदी ठाम असतं. त्यासाठी खेळाडू कोण, हे माहीत असायची गरज नाही. 'वय किती?' 'पस्तीस.' 'लागलंय कुठं?' 'गुडघ्याला.' दोन प्रश्नांत निकाल. आमच्या सोसायटीतले एक निवृत्त ट्रेझरी ऑफिसर तर दुसऱ्या प्रश्नापर्यंतही जात नाहीत. 'अठ्ठावन्नाला आम्हाला घरी पाठवलं, तेव्हा कुणी गुडघा विचारला होता का?' असा त्यांचा सवाल असतो, आणि त्याला उत्तर नाही.

आमच्या घरात या विषयावर रीतसर निवड समिती बसली ती २००२ सालच्या मे महिन्यात. बसवली ती रॉबर्टो बॅजिओ नावाच्या इटालियन गृहस्थाने. त्याच्या नावाचा खरा उच्चार बाज्जो असा आहे, हे मला फार उशिरा कळलं. तोवर तो आमच्याकडे बॅजिओ म्हणून रुळला होता, आणि आईपुरता 'शेंडीवाला' म्हणून.

आईची आणि त्याची ओळख १९९४ च्या अंतिम सामन्यातली. सामना अमेरिकेत, पासाडेनाला, भर दुपारी. म्हणजे आपल्याकडे रात्री एकला सुरू. इटली आणि ब्राझील दोन तास खेळले, गोल कुणाचाच झाला नाही, आणि पेनल्टीच्या किका मारायची वेळ आली तेव्हा पहाट व्हायला आली होती. आई नेहमीप्रमाणे उठून तांब्या घेऊन बाहेर आली. पडद्यावर निळ्या शर्टातला, शेंडी ठेवलेला एक जण चेंडू मांडत होता. त्याने तो गोलवरून थेट आभाळात मारला, आणि मग कमरेवर हात ठेवून, मान खाली घालून तिथेच उभा राहिला.

"अगं बाई! हा असा विठोबासारखा का उभा राहिलाय?"

"सामना हरला, आई."

"एकट्यानं?"

फुटबॉलवर पानंच्या पानं भरून लिहिलेलं मी पुष्कळ वाचलं आहे; याहून नेमका प्रश्न मला कुठे आढळला नाही. त्याच्या आधी बारेसी आणि मासारो यांच्याही पेनल्टी वाया गेल्या होत्या. शिवाय इटली तिथवर पोचली ती याच माणसाच्या पायांवर : नायजेरियाविरुद्ध दोन गोल, स्पेनविरुद्ध एक, बल्गेरियाविरुद्ध दोन. आणि अंतिम सामन्यात उतरला तोही मांडीचा स्नायू दुखावलेला असताना. पण लोकांना लक्षात राहिला तो विठोबाच.

बॅजिओचे गुडघे हा खरं तर स्वतंत्र प्रबंधाचा विषय आहे. १९८५ साली, अठराव्या वर्षी, व्हिचेन्झा या लहान क्लबकडून खेळताना त्याचा गुडघा फुटला. फिओरेन्तिना या मोठ्या क्लबशी सौदा नुकताच ठरला होता. म्हणजे साखरपुडा झालेला, लग्न व्हायचं, आणि मधेच नवरदेवाचा पाय निकामी. पण मुलीकडच्यांनी शब्द मोडला नाही. शस्त्रक्रियेत दोनशेवीस टाके घातले म्हणतात. मी एकदा हा आकडा आमच्या शिंप्याला सांगितला. तो म्हणाला, एवढ्यात जोधपुरी कोट होतो. त्या शिवलेल्या गुडघ्यावर तो पुढची सतरा वर्षं खेळला, १९९३ साली युरोपातला सर्वोत्तम खेळाडू ठरला, आणि २००२ च्या जानेवारीअखेर, ब्रेशिया या छोट्या क्लबकडून खेळताना, पुन्हा गुडघा घेऊन बसला. आता वय पस्तीसला टेकलेलं. विश्वचषक जूनमध्ये.

गुडघ्यातला तो बंध एकदा गेला, की साधारण सहा ते नऊ महिने मैदानाचं नाव काढायचं नसतं. हा पठ्ठ्या अकरा आठवड्यांत परत आला. २१ एप्रिलला बदली खेळाडू म्हणून उतरला आणि त्याने दोन गोल केले. समोरचा संघ कुठला, तर फिओरेन्तिना! सगळी इटली म्हणू लागली, घ्या याला. आणि प्रशिक्षक ट्रॅपाटोनी म्हणाले, नाही. ट्रॅपाटोनी स्वतः तेव्हा त्रेसष्ट वर्षांचे होते. प्रशिक्षकाचं वय झालं की त्याला अनुभव म्हणतात, आणि खेळाडूचा अनुभव वाढला की त्याला वय म्हणतात.

ही बातमी आली तेव्हा आमचे दाजी कोल्हापूरहून आले होते. मुलाच्या अॅडमिशनचं काम होतं, पण ते बाजूला राहिलं. पुण्या-मुंबईच्या वाचकांसाठी सांगायला हवं, की कोल्हापुरात फुटबॉल हा इंग्रजी खेळ समजला जात नाही. तो तालमींचा खेळ आहे. कुस्तीच्या तालमींनी फुटबॉलचे संघ काढले, त्या पेठापेठांत भिडल्या, आणि शाहू स्टेडियमवर दोन पेठांचा सामना असला की त्या दिवशी सोयरीक जुळवायला बाहेर पडू नये. दाजी तरुणपणी अशाच एका संघात डावीकडून खेळत. तेव्हाचा एक गुडघा त्यांनी अजून सांभाळून ठेवला आहे. पावसाचा अंदाज ते त्याच्यावरून सांगतात.

"पाव्हणं, खुळा हाय काय ह्यो तुमचा ट्रॅपाटोनी?" दाजींनी पेपर आपटला. "आवो, त्येला पळवायचंच कशाला? जाग्यावर हुबा करा. एक बॉल दिला तरी बास हाय!"

मी विरोधी पक्षात होतो. म्हटलं, "दाजी, जागा तेवीसच आहेत. तीन गोलरक्षकांच्या. उरले वीस. महिनाभर खेळायचं, समोर सगळे पंचविशीतले घोडे. गुडघा पहिल्याच सामन्यात गेला तर बदली खेळाडू मागवता येत नाही. ही काय मुदतवाढ आहे, साहेबांची मर्जी बसली म्हणून सहा महिने दिली?"

"बारेसीला न्हाई का खेळवला?"

हा मात्र नेमका होता. १९९४ मध्येच, चौतिशीतला बारेसी दुसऱ्या सामन्यात गुडघ्याला लागून पडला, शस्त्रक्रिया झाली, आणि साडेतीन आठवड्यांत तो अंतिम सामन्यात उभा राहून दोन तास असा खेळला, की ब्राझीलला वाट सापडली नाही. "आणि पेनल्टी कुणी घालवली?" मी म्हणालो. "दोन तास कुणी वाचिवलं?" दाजी म्हणाले. एकाच माणसाच्या एकाच दिवसाच्या पुराव्यावर दोन्ही पक्षांचे वकील खूष, असे खटले थोडे.

मग दाखले निघाले. आमच्या घरात दाखले निघाले की जेवण लांबतं. मी रोमारिओ काढला. १९९८ साली ब्राझीलच्या या वीराला पोटरीच्या दुखण्यापायी स्पर्धेच्या तोंडावर परत पाठवलं. तो पत्रकारांसमोर रडला, आणि पुढे त्याने आपल्या रेस्टॉरंटच्या स्वच्छतागृहाच्या दारांवर प्रशिक्षक झागालो आणि त्यांचे सहकारी झिको यांची व्यंगचित्रं रंगवून घेतली. प्रकरण कोर्टात गेलं. आता २००२ मध्ये, छत्तिसाव्या वर्षी, तो पुन्हा टीव्हीसमोर रडला होता, आणि नवे प्रशिक्षक स्कोलारी काही केल्या विरघळले नव्हते. त्यावर दाजींनी रॉजर मिल्ला काढला. हा कॅमेरूनचा. १९९० साली अडतीस वर्षांचा. राष्ट्रीय संघ सोडून रीयुनियन नावाच्या बेटावर निवांत खेळत होता. खुद्द राष्ट्राध्यक्षांनी शब्द टाकला, म्हणून त्याला घेतलं. प्रत्येक वेळी उशिराने मैदानात यायचा, आणि चार गोल करून त्याने संघ उपांत्यपूर्व फेरीत नेला. गोल केला की कोपऱ्यातल्या झेंड्यापाशी जाऊन नाचायचा. दाजींनी उठून तो नाच करून दाखवला. गुडघा कटकन वाजला. बसले.

तेव्हा सौ. आतून पोळ्या लाटता लाटता म्हणाली, "अहो, त्या तेविसाव्या माणसाला काम काय असतं?"

"काम म्हणजे... बहुधा बसायचं. लागलाच तर घ्यायचा."

"मग त्याला बसता येतं का, ते बघा ना. गुडघा काय बघताय?"

आम्ही दोघेही गप्प झालो. वीस-पंचवीस वर्षं फुटबॉल पाहून आमच्या डोक्यात न आलेली गोष्ट तिने लाटणं न थांबवता सांगितली होती. तेविसाव्या जागेला पाय लागत नाहीत, बैठक लागते. आपल्याला खेळवत नाहीत हे रोज पाहायचं, वर टाळ्या वाजवायच्या, आणि एखाद्या दिवशी वीस मिनिटांसाठी बोलावलं तर लग्नघरातून आल्यासारखं ताजंतवानं उठायचं. मिल्लाला ते जमलं. त्याला नव्वद मिनिटांचा हट्ट नव्हता. पण बॅजिओ बाकावर बसला, की तो बाकावर बसत नाही, प्रशिक्षकाच्या छातीवर बसतो. दहा मिनिटं गोल झाला नाही, की सगळं स्टेडियम त्याच्याच नावाने ओरडायला लागणार. ट्रॅपाटोनी गुडघ्याला भ्याले की या ओरड्याला, कोण जाणे; मला आपलं दुसरंच वाटतं. कारण त्याच संघात अँजेलो दि लिव्हिओ होता. बॅजिओहून सहा-सात महिन्यांनी मोठा! त्याचं वय कुणी काढलं नाही. राबणारा माणूस, सांगाल तिथे धावणारा. त्याला बसवला तर बसतो, आणि तो बसलाय हे कुणाच्या लक्षातही येत नाही. आपल्याकडे मोठ्या कार्यात चुलतमामा असतात, तसा. कार्याला वऱ्हाडाची यादी काटायची वेळ आली की नाव कटतं ते नेहमी मानाच्या काकांचं. कारण मानाचा माणूस नुसता येत नाही, त्याचा मान घेऊन येतो, आणि दोघांना बसायला जागा लागते.

"कुणाचा गुडघा म्हणालात, जावईबापू?" आईने विचारलं. ती इतका वेळ खिडकीशी तांदूळ निवडत होती.

"त्यो शेंडीवाला, आई. विठोबा."

"बरा झालाय ना पण? स्वतःच म्हणतोय ना, बरा आहे म्हणून?"

"तसं तो म्हणतोय," मी म्हणालो. "पण डॉक्टर..."

"डॉक्टर!" आई म्हणाली, आणि ताटातला खडा काढून तिने तो खिडकीबाहेर अशा काही जोराने टाकला, की पुढचं वाक्य मी गिळलं.

मला कळायला हवं ते कळलं. आई अकरा वर्षं आळंदी ते पंढरपूर पायी वारी करत होती. अडीचशे किलोमीटर. त्यातली सहा-सात वर्षं दिंडीत बायकांच्या पुढे डोक्यावर तुळस घेऊन. गेल्या दिवाळीत ती न्हाणीघरात घसरली, आणि एकाहत्तराव्या वर्षी गुडघ्याचा फोटो काढायची वेळ आली. घरातल्या घरात दोनशे पावलं, असा हुकूम मिळाला. जूनमध्ये दिंडीची भिशी भरायची होती. तो विषय घरात कुणी काढत नव्हतं. आई काढत नव्हती म्हणून आम्ही काढत नव्हतो, आणि आम्ही काढत नव्हतो म्हणून ती तांदूळ निवडत होती. फक्त रोज सकाळी गच्चीवर जाऊन ती काहीतरी मोजत येते, हे सौ.ने पाहिलं होतं. दोनशेच्या बरंच पुढे जायचं ते.

दाजींनी पेपरची घडी घातली. मिल्लाचा नाच पुन्हा झाला नाही.

विश्वचषक सुरू झाला. बॅजिओ घरीच. इटलीने इक्वेडोरला हरवलं, क्रोएशियाकडून मार खाल्ला, मेक्सिकोशी कशीबशी बरोबरी साधली. १८ जूनला कोरियाशी गाठ पडली, आपल्याकडे संध्याकाळी पाचला. इटलीचा एक गोल झाला आणि मग त्यांनी तो एक गोल बँकेत ठेवल्यासारखा जपायला घेतला. पाऊण तास उलटण्याआधी आघाडीला खेळणाऱ्या डेल पिएरोला काढून गात्तुझोला आणलं असतं तर एक वेळ घाई म्हणता आली असती. इथे तासाभराने तेच केलं. पुढे तो दि लिव्हिओही आला. दोन मिनिटं उरली असताना कोरियाने बरोबरी केली, जादा वेळेत तोत्तीला बाहेर काढलं, आणि तिथे आन जुंग-ह्वानने डोक्याने गोल मारला. त्या वेळच्या नियमाप्रमाणे सामना तिथल्या तिथे संपला. इटलीने पंचांच्या नावाने बोटं मोडली, ती अजून मोडते आहे.

दाजींचा फोन आलाच. "काय, पाव्हणं? शेवटची वीस मिनिटं कोण पायजे हुता?"

काय उत्तर देणार? न घेतलेल्या खेळाडूने आजवर एकही पेनल्टी घालवलेली नाही. घरी बसलेला बॅजिओ कोरियाविरुद्ध कमीत कमी दोन गोल मारणारच. मी तरीही माझं मत बदललं नाही, कारण मेमध्ये कुणाच्या हातात जूनचा पेपर नसतो. पण हेही खरं, की तो गुडघा नंतर दोन मोसम टिकला आणि प्रत्येक मोसमात त्याने बारा-बारा गोल केले. इकडे स्कोलारींनी रोमारिओला शेवटपर्यंत घेतलं नाही आणि रोनाल्डोला घेतलं. रोनाल्डोचा गुडघा तर बॅजिओपेक्षा वाईट. २००० साली दुखण्यातून परतल्यावर पुरती दहा मिनिटंही झाली नव्हती, तोवर तो किंचाळत कोसळला होता. पण वय पंचवीस! ३० जूनच्या अंतिम सामन्यात त्याने जर्मनीवर दोन गोल केले. एकूण आठ. स्कोलारी द्रष्टे ठरले. जर्मनी जिंकली असती तर रिओमध्ये आणखी काही दारं रंगली असती.

त्याच आठवड्यात पालखी निघायची होती. जूनच्या मध्यावरच दिंडीचे प्रमुख आमच्याकडे येऊन गेले. प्राथमिक शाळेतून निवृत्त झालेले मास्तर. अंगाने काटक, बोलायला हळू. आम्ही सगळे दिवाणखान्यात बसलो. मी गुडघ्याचा फोटो आणून ठेवला. मास्तरांनी त्याच्याकडे पाहिलंही नाही.

"माऊली," ते आईला म्हणाले, "यंदा ट्रकमध्ये बसाल का?"

दिंडीबरोबर ट्रक असतो. त्यात तंबू, भांडी, शिधा आणि ज्यांना चालवत नाही अशी माणसं. अकरा वर्षं त्या ट्रकच्या पुढे चाललेल्या बाईला भांड्यांशेजारी बसायला सांगत होते, आणि तेही तिची तुळस दुसरीच्या डोक्यावर जाताना पाहत. आईने पदर सारखा केला. बराच वेळ कुणी बोलेना. सौ. माझ्याकडे पाहत होती, आणि तिला काय म्हणायचं आहे ते मला ऐकू येत होतं.

"बसेन," आई म्हणाली. "पण नुसती बसणार नाही. भाजी निवडायला द्या."

मास्तरांनी वहीत नाव लिहिलं.

पुणे ते सासवड हा वारीतला अवघड टप्पा. मधे दिवे घाट. संध्याकाळी तिला बघायला म्हणून मी निघालो. त्या दिवशी घाट वाहनांना बंद, तेव्हा बोपदेव घाटाने वळसा घालून सासवडला पोचलो. तंबूंच्या त्या गावात आमची दिंडी शोधायला आणखी तासभर. आई तंबूत पाय पसरून बसली होती. एक बाई तिच्या गुडघ्याला तेल चोळत होती. गुडघा कवठाएवढा झालेला. समोर भोपळा, अर्धा चिरलेला.

"ट्रकमध्येच होतीस ना?"

"होते की. वडकीपर्यंत."

वडकी म्हणजे घाटाचा पायथा. तिथे दुपारच्या विसाव्याला ट्रक थांबला होता. नंतर भांडी चढली, शिधा चढला, आई चढली नाही.

मी मास्तरांकडे पाहिलं. ते म्हणाले, "घाटापुरतीच उतरते म्हणाल्या. मी म्हटलं, उतरा." आणि खरंच, दुसऱ्या दिवसापासून पंढरपूरपर्यंत ती ट्रकमध्ये बसली. एकदाही उतरते म्हणाली नाही, असं मास्तरांनी मला मागाहून सांगितलं.

एप्रिल २००४ मध्ये ट्रॅपाटोनींनी बॅजिओला संघात बोलावलं. वय सदतीस, सामना स्पेनशी, जिनोआला, मैत्रीचा, निरोपाचा. पुढच्याच महिन्यात तो कायमचा निवृत्त झाला. मी ती बातमी आईला वाचून दाखवली.

"खेळवलं ना पण त्याला?" आईने विचारलं. "का नुसताच हार घालून पाठवलं?"

"खेळवलं. सुरुवातीपासून."

"शेंडी आहे का अजून?"

मी फोटो पाहिला. होती.